गाणं ठेवायचं कुठे, वाजवायचं कशातून

घरात चांगला ॲम्प्लिफायर आहे, स्पीकर मनाजोगते आहेत, कपाटात चारपाचशे सीडी आहेत. पण सीडी प्लेअर हल्ली तबकडी आत घेतो, दोनदा फिरवतो आणि बाहेर ढकलतो. हे सगळं संगीत एकदाचं साठवून याच सिस्टीमवर ऐकायचं तर कोणतं यंत्र घ्यावं, असं मला अशा घरांतून नेहमी विचारलं जातं. मी म्हणतो, मॉडेलांची नावं जरा बाजूला ठेवा आणि आधी मागची चाळीस वर्षं बघा. कोणत्या पेट्या गेल्या आणि त्यातून काय उरलं, ते कळलं की निवड बरीच सोपी होते.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ विक्रीला आला. फिलिप्स आणि सोनीने मिळून माप ठरवलं होतं: सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजायचा आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहायची. हा अडनिडा आकडा व्हिडिओ टेपमधून आला. त्या काळी डिजिटल ध्वनिमुद्रण साठवायला व्हिडिओ रेकॉर्डर वापरत, आणि चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन मोजण्या बसवल्या की एवढाच हिशेब येई. या मापाने स्टीरिओ संगीताच्या एका मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात. १९८३ साली आलेल्या आयबीएमच्या पीसी एक्सटीची अख्खी हार्ड डिस्क १० एमबीची होती. संगीत कॉम्प्युटरवर ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. ते तबकडीतच राहिलं.

ही अडचण जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत सुटली. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानाच्या मर्यादेचा फायदा घेतला: मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज लिहायचाच नाही. १९९५ मध्ये या फाइलींना एमपी३ हे नाव मिळालं. सेकंदाला १२८ हजार बिट (१२८ केबीपीएस) या मापाला संगीत सीडीच्या अकराव्या हिश्शात मावू लागलं. २००१ च्या पहिल्या आयपॉडची डिस्क ५ जीबीची होती. सीडी जशीच्या तशी भरली असती, तर तासाभराच्या जेमतेम आठ सीडींत तो भरला असता. हजार गाणी खिशात आली ती या कपातीमुळे.

पण आपल्या संगीताला ही कपात एका वेगळ्याच जागी बोचली. ख्यालाच्या सीडीत विलंबित एका ट्रॅकवर असतो, द्रुत दुसऱ्या. गायक मात्र थांबलेला नसतो, तंबोरे चालूच असतात. सीडीवर हा सांधा जाणवतही नाही. एमपी३ फाइल १,१५२ मोजण्यांच्या ठरावीक तुकड्यांत लिहिली जाते. शेवटचा तुकडा पुरा भरत नसेल तर तिथे शांतता भरतात, आणि सुरुवातीलाही थोडी भर पडते. परिणाम असा, की द्रुताचा मुखडा उचलला जाण्याच्या ऐन क्षणी तंबोरा तुटतो. क्षणभरच, पण अर्ध्या तासाची जमलेली बैठक तिथे मोडते. आयपॉडला हा सांधा नीट जुळवायला २००६ उजाडलं. आजही कोणतंही यंत्र घेण्याआधी मी दुकानात हीच परीक्षा घेतो: दोन ट्रॅकवर विभागलेला एक राग लावायचा आणि डोळे मिटून सांधा ऐकायचा.

जुलै २००१ मध्ये जॉश कोल्सन यांनी फ्लॅक १.० ही संगीताच्या फाइली लिहिण्याची नवी पद्धत प्रसिद्ध केली. यात काहीच टाकून दिलं जात नाही. सीडीच्या साधारण निम्म्या जागेत संगीत राहतं आणि वाजवताना मूळ आकडे जसेच्या तसे परत येतात. फुकट आणि खुली असल्याने तिच्यावर कोणा एका कंपनीची मालकी नाही. माझ्या लेखी या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, कारण इथून पुढे सीडी एकदा रिप केली, म्हणजे फाइलींत उतरवून घेतली, की काम कायमचं झालं.

आता नावांचं. १९९६ मध्ये एमपी३ फाइलीच्या शेपटीला १२८ बाइटची चिठ्ठी जोडायची पद्धत निघाली, आयडी३. गाण्याच्या नावाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. रोमनमध्ये ‘राग शुद्ध कल्याण - विलंबित’ एवढं लिहीपर्यंत तीस अक्षरं संपत, ताल लिहायला जागाच उरत नसे. संगीतप्रकारांची ८० नावांची ठरलेली यादी होती. त्यात हिंदुस्थानी संगीत नव्हतं, जवळचा म्हणून ‘एथनिक’ होता. फ्लॅकच्या टॅगमध्ये, म्हणजे अशाच चिठ्ठीत, देवनागरी चालते आणि रकानेही आपले आपण करता येतात. राग, ताल, घराणं, साथीला कोण, सगळं फाइलीतच लिहिता येतं.

फाइली झाल्या, पण त्या हायफायपर्यंत न्यायच्या कशा? बैठकीच्या खोलीत पंख्याची घरघर करणारा कॉम्प्युटर कोणालाच नको होता. कॅलिफोर्नियातल्या स्लिम डिव्हाइसेस या छोट्या कंपनीने २००१ मध्ये यावर साधा तोडगा काढला: संगीत दुसऱ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर ठेवायचं आणि ॲम्प्लिफायरजवळ फक्त एक लहानशी, डिस्क नसलेली पेटी. पुढे तिचाच स्क्वीझबॉक्स झाला. २००६ मध्ये लॉजिटेकने कंपनी विकत घेतली आणि २०१२ मध्ये हे उत्पादन बंद केलं. पण कॉम्प्युटरवरून पेटीकडे संगीत पाठवणारं सर्व्हरचं सॉफ्टवेअर खुलं होतं. वापरणाऱ्यांनीच ते सांभाळलं, आज ते लिरियन नावाने चालू आहे, आणि जुन्या पेट्या अजून वाजतात. उलट क्रोमकास्ट ऑडिओ ही गूगलची अशीच छोटी पेटी २०१५ मध्ये आली आणि २०१९ च्या सुरुवातीला बंदही झाली.

महागड्या हायफायवाल्यांनाही वारं कळलं होतं. रेकॉर्ड प्लेअरसाठी नावाजलेल्या स्कॉटलंडच्या लिनने २००७ मध्ये क्लायमॅक्स डीएस हा नेटवर्क प्लेअर आणला आणि २००९ अखेर सीडी प्लेअर बनवणंच सोडलं. मग २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा ३५ डॉलरचा छोटासा कॉम्प्युटर आला. त्याचा स्वतःचा हेडफोनचा आवाज कामचलाऊ होता, पण वर डॅकचं, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणारं, कार्ड बसवलं आणि व्होल्युमिओ किंवा मूड यांसारखं फुकट सॉफ्टवेअर टाकलं, की मुठीएवढा, बिनपंख्याचा प्लेअर तयार.

मी स्वतः मधल्या काळात एक ‘सगळं एकात’ पेटी घेतली होती: सीडी घाला, ती आपोआप रिप करून आतल्या डिस्कवर ठेवणार. दोन पावसाळे घालवून दोनशेवर सीडी भरल्या. पेटी बंद पडल्यावर डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली. संगीत सुखरूप होतं; पण नावं फाइलींत नव्हतीच, ती त्या पेटीच्या स्वतःच्या यादीत होती आणि यादी उघडेना. ट्रॅक ०१, ट्रॅक ०२, ट्रॅक ०३, अशा दोन हजारांवर फाइली. पुढचे कित्येक रविवार मी एकेक लावून राग ओळखत बसलो.

म्हणून आज विचारणाऱ्याला मी साठवण आणि वाजवण वेगळी ठेवायला सांगतो. पाचशे सीडी फ्लॅकमध्ये २०० जीबीच्या आत-बाहेर बसतात. त्यासाठी साधी डिस्क किंवा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्क) पुरे, आणि तिची दुसरी प्रत वेगळ्या घरात. ॲम्प्लिफायरजवळ नेटवर्कवरून संगीत वाजवणारा छोटा स्ट्रीमर किंवा रास्पबेरी पाय, खर्च करायचाच तर डॅकवर आणि त्याहून जास्त स्पीकरवर. विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा. यातून माझ्या फाइली टॅगसकट बाहेर कशा काढायच्या? आणि तुमचं ॲप उद्या बंद झालं, तर ही पेटी नुसत्या घरच्या नेटवर्कवर वाजेल का?