वाळवंटातला बर्फ वितळतो कशाने?

संयुक्त अरब अमिराती २००१ साली आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाची सदस्य झाली. २००८ मध्ये अबुधाबीत भरलेला अरब चषक अमिरातीच्या संघाने जिंकला, पुढच्याच वर्षी तिथेच आशियाई चॅलेंज कपही जिंकला आणि २०१० साली लक्झेंबर्गमध्ये जागतिक स्पर्धेच्या तिसऱ्या विभागात उतरला. अबुधाबीतली झायेद स्पोर्ट्स सिटी, अल ऐन, दुबईतले जुने अल नासर लेझरलँड, दुबई मॉल अशा ठिकाणी तिथे बंदिस्त रिंक, म्हणजे बर्फाची मैदाने, आहेत. बाहेर ४५ अंश सेल्सिअस असताना आत बर्फ टिकतो कसा, याचे सोपे उत्तर ‘मोठ्ठा फ्रीज’ असे दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. उष्णता मोजूनमापून बाहेर काढता येते. आखाती किनाऱ्यावर रिंक चालवणाऱ्याला घाम फोडते ती हवेतली वाफ.

वाळवंट म्हणजे कोरडी हवा हे समीकरण अबुधाबी-दुबईला लागू नाही. उथळ, तापलेल्या समुद्रामुळे तिथे ऑगस्टच्या रात्री दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमू लागते ते) २८-२९ अंशांपर्यंत जातो; मुंबईत भर पावसाळ्यात तो साधारण २५-२६ असतो. सौदी अरेबियातल्या धहरानला तर ८ जुलै २००३ रोजी ३५ अंशांचा दवबिंदू नोंदला गेला. २९ अंश दवबिंदूच्या एका घनमीटर हवेत सुमारे २९ ग्रॅम वाफ असते. रिंकच्या आत हवा १० अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायची, म्हणजे घनमीटरला पाचेक ग्रॅमच वाफ चालते. प्रेक्षकांना श्वास घ्यायला ताशी १०,००० घनमीटर ताजी हवा आत घेतली, तर दर तासाला जवळजवळ २४० लिटर पाणी त्या हवेतून आधी काढून टाकावे लागते.

काढले नाही तर ते बर्फावर जाऊन बसते. फ्रीजमधून काढलेल्या तांब्याला पाणी सुटते तसेच हे, फक्त इथे ते थेट गोठते. एक किलो वाफ बर्फावर जमली की २.८ मेगाज्यूल उष्णता सोडते. शून्य अंशावरचे एक किलो पाणी गोठवायला जेवढी उष्णता काढावी लागते, त्याच्या साडेआठ पट. शिवाय जमलेले दहिवर पांढरे आणि खरबरीत असते. त्यावर पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, अडखळते आणि रेषा धूसर होतात. हवा आणखी ओली असेल तर बर्फावर गुडघाभर धुके साचते आणि गोलरक्षकाला पक दिसत नाही.

इथे नेहमीचा एसी अपुरा पडतो. गार नळ्यांवर वाफ जमवून पाणी काढायचे, तर दवबिंदू शून्याजवळ आणताना त्या नळ्यांवरच बर्फ धरतो आणि हवा पुढे सरकत नाही. म्हणून काम दोन टप्प्यांत करतात. बाहेरची हवा आधी गार नळ्यांवरून नेऊन दवबिंदू १०-१२ अंशांपर्यंत उतरवतात, मग ती सिलिका जेल भरलेल्या, हळूहळू फिरणाऱ्या चाकातून जाते. चाकाचा मोठा भाग हवेतली वाफ शोषतो आणि उरलेल्या भागातून शंभराहून अधिक अंशांची गरम हवा सोडून जेल पुन्हा वाळवतात. बर्फ राखायला हवा तापवावी लागते, ती अशी. दारे दुहेरी हवीत, एक बंद झाल्याशिवाय दुसरे उघडू नये. आणि आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त हवा, म्हणजे फटीतून हवा बाहेर जाते, आत येत नाही. प्रेक्षकांचा हिशेब वेगळाच: माणशी सुमारे १०० वॅट उष्णता आणि तासाला ५० ग्रॅमच्या आसपास वाफ. दोन हजार लोक बसले की तासाला १०० लिटर पाणी हवेत आलेच.

वाफेचे दुसरे दुखणे छताला असते. कोणताही पृष्ठभाग उष्णता प्रारित करतो. ३० अंशांचे छत आणि उणे ५ अंशांचा बर्फ समोरासमोर असले, तर ढोबळ हिशेबाने दर चौरस मीटरला १८५ वॅट बर्फाकडे जातात. ६० बाय ३० मीटरच्या मैदानावर हे ३३० किलोवॅटच्या घरात जाते, तेही मधली हवा कितीही गार असली तरी. उलट बाजूने छत गार होत जाते, दवबिंदूखाली गेले की त्यावर थेंब धरतात आणि टपटपून बर्फावर कठीण टेंगळे उभी राहतात. पूर्ण वेगाने येणाऱ्या खेळाडूची ब्लेड त्याला लागली तर पाय मुरगळतो. यावर इलाज स्वस्त आहे: छताखाली ॲल्युमिनियमचा चकचकीत पडदा ताणायचा. साध्या रंगवलेल्या छताची प्रारणक्षमता (उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता, जास्तीत जास्त १) ०.९ च्या आसपास असते, या पडद्याची ०.०५. पडदा हवेच्याच तापमानाला राहतो, त्यामुळे थेंबही धरत नाहीत. मात्र त्यावर धूळ बसली की गुण जातो, आणि वाळूच्या देशात धुळीला तोटा नाही.

बर्फाखालची रचना जगभर सारखीच. तळाशी दहा सेंटिमीटर जाडीचा फोमचा इन्सुलेशन थर आणि वाफ अडवणारा कागद, त्यावर १२ ते १५ सेंटिमीटर काँक्रीट, आणि काँक्रीटमध्ये नऊ-दहा सेंटिमीटर अंतराने २५ मिलिमीटरच्या नळ्या. एकूण लांबी १८ किलोमीटरच्या आसपास भरते. नळ्यांतून कॅल्शियम क्लोराइडचे किंवा ग्लायकॉलचे द्रावण उणे ९-१० अंशांवर फिरते. फोमचा थर हलका निघाला तर खालची ओली जमीन वर्षानुवर्षे गोठत, फुगत जाते आणि काँक्रीट तडकते. म्हणून इन्सुलेशनखाली आणखी एक, कोमट द्रावणाचे नळीजाळे टाकतात.

बर्फ एकदम ओतून जमत नाही. जाड थर सावकाश गोठतो, त्यात हवा अडकते आणि बर्फ ठिसूळ होतो. आधी धुक्यासारखा फवारा मारून मिलिमीटरभर थर गोठवायचा, मग पांढरा रंग, त्यावर पुन्हा पातळ फवारा, मग लाल-निळ्या रेषा, आणि नंतर पाण्याचे थरावर थर. तीन सेंटिमीटर जाडी गाठायला दोन-तीन दिवस जातात आणि ५० हजारांहून थोडे जास्त लिटर पाणी लागते. पाण्यात क्षार नकोत. गोठताना स्फटिक क्षारांना बाहेर ढकलतात, ते कणांच्या सांध्यांत साचतात आणि बर्फ मऊ पडतो. समुद्राचे पाणी गोडे करून वापरणाऱ्या देशाला ही एक गोष्ट आयती सोपी आहे.

खर्चाचा खरा फटका बसतो तो यंत्रघरात. बर्फातून काढलेली उष्णता बाहेरच्या हवेत फेकावी लागते. गारवा देणाऱ्या यंत्रातला अमोनिया उणे १२ अंशांवर उकळून ३० अंशांवर द्रवरूप होत असेल, तर आदर्श यंत्र एक युनिट विजेत सहा युनिट उष्णता उचलते. तेच ५० अंशांवर द्रवरूप करायची वेळ आली की जेमतेम चार. प्रत्यक्षातली यंत्रे याच्या निम्म्यापर्यंत पोचली तरी चांगली. अमोनियाचा दाबही ११-१२ बारवरून २० बारवर चढतो. अमोनिया जिथे द्रवरूप होतो त्या कंडेन्सरवर पाणी शिंपडून तापमान उतरवता येते, पण त्यालाही हवा कोरडी लागते. म्हणून समुद्रापासून आत, कोरड्या अल ऐनला ही युक्ती भर उन्हाळ्यात चांगली चालते आणि किनाऱ्यावर कमी पडते.

हॉकीचा बर्फ उणे ५ ते ६ अंशांवर ठेवतात, फिगर स्केटिंगचा थोडा ऊबदार. ब्लेडच्या दाबाने बर्फ वितळतो म्हणून घसरतो, ही शाळेतली समजूत हिशेबात टिकत नाही. ८० किलोचा खेळाडू, तीन मिलिमीटर रुंद ब्लेड आणि पाच सेंटिमीटर टेकलेली लांबी धरली तर दाब ५० वातावरणांच्या आसपास येतो. त्याने वितळबिंदू अर्धा अंशही खाली येत नाही. बर्फाच्या सर्वात वरच्या थरातले रेणू मुळातच सैल असतात, आणि घर्षणाची उष्णता त्यात भर घालते. फार गार बर्फावर हे रेणू आखडतात, फार ऊबदार बर्फात ब्लेड रुतते. घर्षण सर्वात कमी उणे ७ च्या आसपास मिळते. पकही सामन्याआधी फ्रीजरमध्ये ठेवतात, कारण ऊबदार रबर उसळते.

प्रत्येक वीस मिनिटांच्या खेळानंतर बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र फिरते. पाती मिलिमीटरभर बर्फ खरवडते, मागचे कापड सुमारे ६० अंशांचे पाणी पसरते. गरम पाणी चरे किंचित वितळवून त्यांत मुरते आणि त्यात विरघळलेली हवा कमी असल्याने थर पारदर्शक जमतो. फेरीला चारपाचशे लिटर पाणी लागते. दमट दिवशी मात्र त्याची वाफही आतल्या हवेत मिसळते, म्हणून पाणी कमी आणि कोमट ठेवणे शहाणपणाचे.

भारताचा पुरुष संघ आपली पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००९ साली याच अबुधाबीत खेळला, आणि २०२५ मध्ये अल ऐनला झालेल्या महिला आशिया चषकात भारताने कांस्य जिंकले. दोन्ही संघांचा कणा लडाखचा. तेही वाळवंटच, पण थंड. लेहच्या तळ्यांवरचा बर्फ रात्रीच्या थंडीने काचेसारखा कडक होतो, तिथे ब्लेडच्या तळाची लांबट खाच, म्हणजे पन्हळ, खोल घासलेली बरी. तशी खोल पन्हळ बंदिस्त रिंकच्या उणे ५ च्या मऊ बर्फात जास्त रुतते आणि मांड्या लवकर भरून येतात. रिंकवर उथळ घासलेली चालते.

वीज गेली तर? पन्नास टन बर्फ पूर्ण वितळायला सुमारे १७ गिगाज्यूल लागतात. ३०० किलोवॅट भार धरला तर पंधरा-सोळा तास. तेवढ्या वेळात दिवे आणि ताजी हवा बंद करायची, दारे लावायची, प्रेक्षक बाहेर काढायचे आणि बर्फावर यंत्र अजिबात फिरवायचे नाही. खेळ मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबलेला असतो. बर्फ गेलेला नसतो, पण वर जमलेल्या दवाचे आता पाणी झालेले असते आणि त्यात पक जागच्या जागी थांबते.