मॅक्सिमा की स्क्वामोसा? रंग सोडा, कवच बघा

सिंगापूरहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी त्याने जिवंत शिंपला घेतला होता. "मामा, स्क्वामोसा आणलाय, पण नीट उघडतच नाहीये." त्याने मोबाइल टाकीच्या काचेला लावला. दुकानदाराने स्क्वामोसा म्हणून मॅक्सिमा गळ्यात मारला होता.

चूक होण्यासारखीच आहे. दोघेही ट्रायडॅक्ना, महाकाय शिंपल्यांच्या घराण्यातले. विकायला येतात तेव्हा दोघेही वीतभरसुद्धा नसतात आणि दोघांच्याही कवचावर खवले असतात. रंगावर तर मुळीच जाऊ नका. मॅक्सिमा निळाजर्द असतो म्हणतात, पण तपकिरीही निघतो.

स्क्वामोसाचे खवले मोठे, सुटे सुटे, नळीच्या कौलांसारखे बाहेर आलेले. मॅक्सिमाचे बारीक, दाटीवाटीने बसलेले, तेही वरच्या काठापाशी. खालचे बहुतेक झिजून जातात. शिवाय मॅक्सिमाचं कवच बिजागरीच्या एका बाजूला ओढल्यासारखं लांबतं. स्क्वामोसा दोन्हीकडे साधारण सारखा.

खरी खूण मात्र तळाशी. तिथल्या भोकातून शिंपला चिवट तंतू काढून खडकाला चिकटतो. मॅक्सिमाचं भोक मोठं, कारण त्याला खडक घट्ट धरायचा असतो, थोडं रुतायचंही असतं. स्क्वामोसाचं लहान, मोठा झाला की तो स्वतःच्या वजनावर बसतो. म्हणून स्क्वामोसा वाळूवर चालतो, मॅक्सिमाला खडक लागतो. उजेडही मॅक्सिमालाच जास्त, म्हणून त्याची जागा वर. आपण खातो त्या तिसऱ्या (छोटे शिंपले) पाणी गाळून पोट भरतात; हे दोघे पाणी गाळतात खरे, पण मुख्य जेवण अंगातल्या शेवाळाने उजेडावर शिजवलेलं. बाकी दोघांचं सारखंच: पाणी २४ ते २७ अंश, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत इतके भाग).

भाच्याने मॅक्सिमा वाळूत, कोपऱ्यात ठेवला होता. रात्रीत सरकून तो काचेला चिकटला. "ओढून काढतो," म्हणत हात पाण्यात घातलाच त्याने. मी दादरहून ओरडलो. ओढला तर तंतूंच्या मुळाशी असलेलं मांस फाटतं, आणि मग शिंपला सहसा वाचत नाही. शेवटी पातळ ब्लेड काचेला लावून त्याने तंतू एकेक करून कापले. वर, खडकाच्या खाचेत ठेवल्यावर आठवडाभराने शिंपला पुरता उघडला.

इथे मुंबईत मात्र कुणी "आहे एक पीस" म्हणालं तर पाऊल मागे घ्या. दोन्ही जाती आपल्या लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळांत सापडतात आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहेत. माझ्या टाकीत क्लाउनफिशच.

कॉल चालू असताना शेजारच्या काकू डोकावल्या. स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "एवढ्या एका तिसरीचं सुकं दोघांना पुरेल की रे!"