अश्वाश्रमातील ऋतुनिहाय कामांचे नियोजन

म्हाताऱ्या, अपंग, टाकून दिलेल्या किंवा छळातून सोडवलेल्या घोड्यांना उरलेले आयुष्य सुखाने काढता यावे म्हणून चालवलेले आश्रयस्थान म्हणजे अश्वाश्रम. वैरणीची साठवण, कुरणांची निगा, खुरांची व दातांची तपासणी, जंतनाशन, लसीकरण, कुंपण-छपरांची डागडुजी आणि पाण्याची सोय ही तेथील कामे हवामानाच्या अंदाजाने वर्षभरात लावून घेणे, याला ऋतुनिहाय नियोजन म्हणतात.

शर्यतीच्या किंवा रपेटीच्या पागेचे वर्ष घोड्याच्या कामाभोवती फिरते. अश्वाश्रमात मात्र घोडा काम करत नाही आणि पैसाही आणत नाही. तो पंचविशी-तिशीकडे झुकलेला, दात झिजलेला, सांधे धरलेला असतो. लंडनमध्ये १८८६ साली ॲन लिंडो यांनी राबून थकलेल्या घोड्यांसाठी विश्रामस्थान काढले, तेव्हापासून अशा संस्थांपुढे या घोड्यांना वर्षभर कसे सांभाळायचे हाच प्रश्न आहे. तरण्या घोड्याला एखादी चूक पचते, म्हाताऱ्याला पचत नाही. म्हणून येथे प्रत्येक काम एक ऋतू आधी करावे लागते. थंडीची तयारी थंडी पडल्यावर सुरू केली, तर ती झालीच नाही असे धरावे. वेळापत्रकही तारखांवर न बांधता गवताची वाढ, जमिनीतली ओल, पहिला गारठा अशा खुणांवर बांधणे शहाणपणाचे असते. दक्षिण गोलार्धात तर महिनेच उलटे होतात.

सर्वांत मोठे काम वैरणीचे. पाचशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला साधारण ८ ते १२ किलो वाळलेले गवत लागते. वीस घोडे, प्रत्येकी रोज दहा किलो आणि कुरण बंद असलेले सहा महिने असा हिशेब मांडला की ३६ टन होतात. सांडलेले, तुडवलेले व भिजलेले धरून ४० टनांची सोय करावी लागते. ही खरेदी कापणीच्या दिवसांत होते, कारण टंचाईत गवत महाग मिळते आणि निवडायलाही वाव राहत नाही. गठ्ठा विकत घेण्याआधी एक तरी उघडून आत हात घालून पाहावा. आतले गवत हाताला दमट लागले, कुबट वास आला किंवा झटकल्यावर पांढरी धूळ उडाली, तर ते घेऊ नये. अशा बुरशीने घोड्याला दमा जडतो. वीस टक्क्यांहून जास्त ओल असलेले गवत गंजीत आपोआप तापते. आतले तापमान ५५ अंश सेल्सियसच्या वर गेले की सतत लक्ष ठेवावे लागते आणि ७० अंशांच्या आसपास आगीचा धोका असतो. त्यामुळे नव्या गंजीत पहिले काही आठवडे लांब दांड्याचा तापमापक खुपसून रोज नोंद घेतात. गठ्ठे जमिनीपासून उंच, फळ्यांवर रचतात आणि आधी आलेले आधी वापरतात. गवताचे कोठार आणि घोड्यांची ठाणे एकाच छपराखाली नसलेली बरी.

थंडीत जास्त काळजी पाण्याची. घोडा दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी पितो. पण पाणी बर्फासारखे गार झाले की तो तोंड लावून बाजूला होतो. कोरडी वैरण पोटात आणि पाणी कमी, यातून आतड्यात गोळा बसून पोटशूळ उठतो. घोड्याला ओकता येत नाही, आणि हा शूळ जिवावर बेततो. म्हणून टाक्या, नळ आणि उघडे पाइप गारठ्याआधीच झाकून घेतात आणि म्हाताऱ्यांना कोमट पाणी देतात. थंडी वाढली की दाणा वाढवण्याची चूक अनेक जण करतात. खरे तर गवत वाढवायचे असते, कारण मोठ्या आतड्यात ते आंबताना जी ऊब तयार होते, तीच घोड्याची शेकोटी. हिवाळी केसांमुळे हडकुळा घोडाही गुबगुबीत दिसतो. आठवड्यातून एकदा खरारा करताना तळहात सपाट ठेवून फासळ्या चाचपायच्या आणि पाठीचा कणा, पुठ्ठा बोटांनी पाहायचा. अमेरिकन संशोधक डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडलेली १ (अगदी हाडकुळा) ते ९ (फार लठ्ठ) गुणांची श्रेणी या कामी जगभर वापरली जाते. एखाद्याचा गुण पाचावरून चारावर आला, तर त्याच आठवड्यात त्याची वैरण बदलते.

वसंतात नवे लुसलुशीत गवत फुटते आणि सगळ्यांना हायसे वाटते, पण खरा धोका तेव्हाच असतो. कोवळ्या गवतातील साखरेमुळे खुरांच्या आतील थरांना सूज येते. या लॅमिनायटिसमध्ये घोडा पुढचे पाय पुढे ताणून, सगळा भार मागे टाकून उभा राहतो. ते दृश्य एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. म्हणून कुरणावर सोडण्याची सुरुवात अर्ध्या तासाने करून ती काही आठवड्यांत वाढवतात. गवत वीतभर वाढल्याशिवाय कुरण उघडत नाहीत आणि चार बोटांवर आले की बंद करतात. उन्हाळ्याकडे खूर जोमाने वाढतात, महिन्याला ६ ते १० मिलिमीटर, त्यामुळे नालबंदाची फेरी सहा ते आठ आठवड्यांनी ठरलेली असते. पायांत नाल नसली तरी खूर तासावेच लागतात. धनुर्वात व फ्लूच्या लसी आणि डासांमुळे होणाऱ्या रोगांच्या लसी डास वाढण्याआधी टोचून घेतात.

जंताचे औषध पूर्वी ठरावीक महिन्यांनी सरसकट पाजत. त्यातून औषधाला दाद न देणारे जंत वाढले. आता लिदीतील अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजून ज्याला गरज त्यालाच औषध देतात. साधारण वीस टक्के घोडे कळपातली ऐंशी टक्के अंडी टाकत असतात. कुरणातली लीद आठवड्यातून दोनदा उचलणे हा औषधाइतकाच खात्रीचा उपाय आहे. एक घोडा दिवसाला १५ ते २० किलो लीद टाकतो, तेव्हा वीस घोड्यांच्या आश्रमात या एका कामाला कायमचा माणूस नेमावा लागतो.

कडक उन्हाच्या दिवसांत सावली, मिठाचे खडे आणि माश्यांपासून डोळ्यांना जाळी एवढे सांभाळले की बरेच निभते. पावसाचे तसे नाही. फाटक आणि पाण्याची टाकी येथे घोडे गर्दी करतात आणि गुडघाभर चिखल होतो. तेथे पाऊस सुरू होण्याआधी खडी टाकून चर खणले नाहीत, तर माणसाच्या पायाला होतात तशा चिखल्या घोड्याच्या खुरांवरच्या कातडीत होतात. पाय रोज धुण्याने त्या वाढतात; चिखल वाळू द्यावा आणि मग ब्रशने झाडावा. प्रत्येक वादळानंतर कुंपणाची पायी फेरी होते. तुटलेली तार, उपटलेला खांब, खाली पडलेल्या विषारी झाडाची फांदी हे लांबून दिसत नाही.

या सगळ्याचा ताळेबंद मांडला जातो तो शरद ऋतूत. दंतवैद्य येतो. गव्हाणीखाली अर्धवट चावलेल्या गवताचे ओले बोळे पडलेले दिसले, की त्या घोड्याला गवत चावता येत नाही हे समजावे; त्याला लसूणघासाच्या गोळ्या पाण्यात भिजवून लापशीसारख्या दिवसातून चार-पाच वेळा द्याव्या लागतात. वसंतात ज्याचे हिवाळी केस गळलेच नाहीत, त्याची कुशिंग रोगासाठी (म्हातारपणी संप्रेरकांच्या बिघाडाने होणारा आजार) रक्तचाचणी होते. ढासळत्या अवस्थेतील नवे घोडे आले, तर त्यांना निदान तीन आठवडे वेगळे ठेवण्यासाठी ठाणी मोकळी ठेवतात. उपाशी घोड्याला एकदम पोटभर खाऊ घातले, तर तो त्यानेच दगावू शकतो, हे नव्या स्वयंसेवकांना आधी शिकवावे लागते.

याच दिवसांत पशुवैद्य, व्यवस्थापक आणि रोज हात लावणारा मोतद्दार मिळून प्रत्येक घोड्याचे नाव घेऊन विचार करतात : हा येता हिवाळा काढील का? इजिप्तमधील कैरोत डोरोथी ब्रुक या ब्रिटिश बाईंनी पहिल्या महायुद्धातून मागे राहिलेले घोडे विकत घेतले आणि १९३४ साली त्यांच्यासाठी रुग्णालय काढले. त्यांतल्या बहुतेकांना थोडे दिवस विश्रांती देऊन वेदनेतून मुक्त करण्याखेरीज त्यांच्या हाती काही उरले नव्हते. आजही ज्याला आडवे झाल्यावर उठता येत नाही आणि ज्याचे दुखणे औषधाला दाद देत नाही, त्याला गोठलेल्या रात्री चिखलात पडून राहू देण्यापेक्षा निवांत, उन्हाच्या दिवशी शांतपणे झोपवण्याचा निर्णय घेतात. नालबंदाला दिलेली त्याची पुढची वेळ रद्द करतात. त्याचा जोडीदार घोडा असेल, तर त्याला त्या देहाजवळ आणून लगाम सैल सोडतात. तो हुंगतो, कधी पायाने ढोसतो, आणि स्वतःहून वळून गवताकडे जाईपर्यंत कोणी त्याला ओढून नेत नाही.