मासेमारी नौकेवरील इंधनमापन

लहान मासेमारी नौकेने एका फेरीत किती डिझेल जाळले, ते कोणत्या कामात जाळले आणि त्यापोटी किती मासळी हाती आली, याची नियमित मोजणी व नोंद म्हणजे इंधनमापन. सातपाटी-अर्नाळ्यापासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतच्या यांत्रिक नौकांच्या फेरीखर्चात डिझेल, बर्फ आणि शिधा या मुख्य बाबी असतात आणि त्यांत डिझेलचा आकडा बहुधा सर्वांत मोठा असतो. जिथे वाट्याची पद्धत आहे तिथे लिलावाच्या पैशातून हा खर्च आधी वजा होतो, मग उरलेल्यात मालक, तांडेल (नौका चालवणारा प्रमुख) आणि खलाशी यांचे वाटे पडतात. म्हणून डिझेलचा हिशेब एकट्या मालकाचा नसतो. फुकट जळालेल्या प्रत्येक लिटरमध्ये खलाशाच्या घामाचाही पैसा असतो, आणि वहीतला आकडा सगळ्यांसमोर मोजलेला असावा हे त्यासाठीच.

प्रश्न किनाऱ्यापुरता लहान नाही. २००० साली जगभरच्या सागरी मासेमारीने सुमारे ५,००० कोटी लिटर इंधन जाळले, म्हणजे एक टन मासळीमागे सरासरी ६२० लिटर, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एक लिटर डिझेल जळले की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

बिल म्हणजे मोजणी नव्हे. महाराष्ट्रात मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत घेतलेल्या डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा शासन देते, त्यामुळे डिझेलखरेदीचे कागद बहुतेक मालकांकडे जपलेले असतात. पण त्या कागदांवर टाकीत भरलेले डिझेल असते, जळालेले नाही. मागच्या फेरीचे उरलेले किती होते आणि या फेरीचे किती उरले, हे धरल्याशिवाय खरा खप निघत नाही. महिनाभराची बिले एकत्र करून फेऱ्यांनी भागले तर सरासरी मिळते, पण कोणती फेरी का महाग पडली हे त्या सरासरीत बुडून जाते.

दांडी. सर्वांत जुने आणि आजही सर्वांत उपयोगी साधन म्हणजे टाकीत उभी सोडायची खुणांची दांडी. खुणा मात्र त्याच टाकीसाठी पाडलेल्या हव्यात. टाकी रिकामी करायची, मापाच्या कॅनने २०-२० लिटर डिझेल ओतायचे आणि प्रत्येक वेळी दांडी सरळ तळाला टेकवून ओल जिथवर आली तिथे करवतीने बारीक खाच पाडायची. रंगाची खूण डिझेलने पुसली जाते, खाच राहते. नौकेच्या बुडाच्या आकाराला जुळवून केलेली टाकी खाली निमुळती असते, त्यामुळे तळाजवळच्या खाचा लांब-लांब आणि वरच्या जवळ-जवळ येतात. समान अंतराची पट्टी अशा टाकीत खोटे बोलते.

दांडीची मर्यादाही ओळखून असावे. १ मीटर लांब आणि ८० सेंटिमीटर रुंद टाकीत १ सेंटिमीटर म्हणजे ८ लिटर. नौका एका अंगाला कलली असेल, पुढच्या खणात बर्फ भरल्याने नाळ (नौकेचे पुढचे टोक) दबली असेल किंवा लाटेवर डिझेल हिंदकळत असेल, तर दोन सेंटिमीटरची चूक सहज होते आणि १६ लिटर हवेत जातात. म्हणून माप नेहमी धक्क्याला, शांत पाण्यात आणि शक्यतो एकाच स्थितीत घ्यावे. फेरीचा एकूण खप काढायचा तर त्याहून सोपी रीत आहे: निघताना टाकी तोंडाच्या ठरलेल्या खुणेपर्यंत भरायची आणि परत आल्यावर त्याच खुणेपर्यंत भरायला जितके लागले तितका खप धरायचा. आमच्या मते लहान नौकेला याहून भरवशाची पद्धत नाही.

परतीची नळी. ताशी खप काढताना बहुतेक जण एका ठिकाणी फसतात. डिझेल इंजिन ओढलेले सगळे इंधन जाळत नाही. पंप आणि इंजेक्टरकडून उरलेले डिझेल परतीच्या नळीने पुन्हा टाकीत जाते. पुरवठ्याच्या नळीवर एकच मीटर बसवला तर आकडा फुगलेला येतो. मीटर दोन्ही नळ्यांवर हवेत आणि खप म्हणजे त्यांतला फरक. त्यातही एक मेख आहे. समजा ताशी ६० लिटर गेले आणि ४५ परत आले, तर खप १५ लिटर. प्रत्येक मीटर शेकडा १ने चुकला आणि चुका उलट दिशांना पडल्या, तर ६० मधले ०.६ आणि ४५ मधले ०.४५ मिळून एक लिटरहून जास्त फरक पडतो, म्हणजे खपात शेकडा ७ची चूक. परतीचे डिझेल गरम होऊन फुगलेले असते, तेही यात भर घालते. नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांवर खप पडद्यावर दिसतो. यांत्रिक पंपाच्या इंजिनांवर ती सोय नसते.

त्यांच्यासाठी कॅनची चाचणी पुरेशी आहे. खुणा असलेला पारदर्शक कॅन घट्ट बांधून पुरवठ्याची आणि परतीची अशा दोन्ही नळ्या त्यात सोडायच्या, रेस (इंजिनाची गती) एका ठिकाणी स्थिर ठेवायची आणि २ लिटर संपायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचे. ८ मिनिटे लागली तर ताशी १५ लिटर. ११ मिनिटे लागली तर ११ लिटरांच्या आसपास. कॅन पूर्ण रिकामा होऊ द्यायचा नाही, नाहीतर नळीत हवा शिरते आणि इंजिन बंद पडते. म्हणून ही चाचणी खाडीच्या तोंडाशी किंवा खडकांजवळ कधीही करू नये, आणि कॅन एक्झॉस्टच्या तापलेल्या पाइपापासून लांब बांधावा. ताळा पाहायला एक ढोबळ अंदाज हाताशी असतो: चांगल्या स्थितीतले लहान डिझेल इंजिन प्रत्यक्ष लावलेल्या दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण पाव लिटरहून थोडे कमी डिझेल घेते.

रेस आणि वेग. मोजणीतून सर्वांत लवकर हाती लागणारी गोष्ट म्हणजे रेसची किंमत. नौकेला ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याला लागणारी ताकद त्याच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे शेकडा १०ने कमी केले तर लागणारी ताकद शेकडा २७ने उतरते. वर सांगितलेल्या नौकेचेच गणित घेऊ. पूर्ण रेसला वेग ८ नॉट (ताशी ८ सागरी मैल) आणि खप ताशी १५ लिटर असेल, तर ३६ सागरी मैलांच्या ठिकाणी जायला साडेचार तास आणि साडेसदुसष्ट लिटर लागतात. रेस थोडी उतरवून ७.२ नॉटने, ताशी ११ लिटरने गेले तर पाच तास आणि ५५ लिटर. अर्ध्या तासाच्या बदल्यात साडेबारा लिटर वाचले, जाऊन-येऊन पंचवीस.

वेगाला नौकेच्या शरीराचीही सीमा आहे. पाणी कापत जाणाऱ्या नौकेचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीने बांधलेला असतो. ३६ फूट जलरेषेच्या नौकेला ८ नॉटच्या पुढे रेटायला गेले, की ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते. डिझेल भराभर जाते आणि वेग जवळजवळ वाढत नाही. काळा धूर येऊ लागला तर इंजिनावर झेपण्यापलीकडे भार पडतो आहे किंवा इंजिनात बिघाड आहे, हे मीटर नसतानाही कळते.

तरीही तांडेल रेस का वाढवतो, हे समजून घेतले पाहिजे. पहाटेचा लिलाव गाठला नाही तर मासळीचा भाव पडतो, वितळणाऱ्या बर्फाची चिंता असते, वारा फिरण्याची भीती असते. परत येतानाची घाई पुष्कळदा रास्त असते. जातानाची घाई तितकी रास्त नसते, आणि वहीत दोन्हींचे तास वेगळे लिहिले तरच हा फरक नजरेत येतो.

वहीत काय लिहावे. तारीख, निघाल्याची व परतल्याची वेळ, जाण्यायेण्याचे तास, जाळे ओढण्याचे तास, इंजिन नुसते चालू ठेवून थांबल्याचे तास, रेस, जीपीएसवरचे अंतर, भरलेले डिझेल, मासळीचे वजन आणि विक्रीची रक्कम. वारा व पाणी यांसाठी एक रकाना ठेवावा. उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या) दिवसांत पाण्याची ओढ जोराची असते, भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांत मंद; ओढीविरुद्ध गेलेली फेरी आणि ओढीबरोबरची फेरी एका तराजूत तोलता येत नाही. जीपीएस जमिनीच्या संदर्भातला वेग दाखवतो, पाण्यातला नाही, म्हणून वेगाची चाचणी एकाच पट्ट्यात जाताना आणि येताना अशी दोनदा करून सरासरी घ्यावी.

मासळीचे वजन आणि विक्रीची रक्कम हे दोन रकाने सर्वांत महत्त्वाचे. ताशी लिटर हा इंजिनाचा आकडा आहे. धंद्याचा आकडा म्हणजे किलो मासळीमागे किंवा हजार रुपयांच्या विक्रीमागे किती डिझेल. दोन धंद्यांची तुलना इथेही सांभाळून करावी लागते. वसई-उत्तनकडच्या डोलीच्या धंद्यात जाळे खुंटांना किंवा नांगरांना बांधलेले असते आणि बोंबील-जवळा त्यात भरतीओहोटीची ओढ आणून घालते. इंजिन मुख्यतः जाण्यायेण्यापुरते चालते. ट्रॉलरला जाळे तासन्तास ओढावे लागते, आणि त्या ओढकामात डिझेलचा मोठा भाग जातो. ट्रॉलरच्या वहीत जाळे ओढण्याच्या तासांचा रकाना नसेल तर बाकीचे आकडे फारसे काही सांगत नाहीत.

बुडाची घाण. खप हळूहळू चढत गेला आणि इंजिन ठणठणीत असेल, तर नजर पाण्याखाली वळवावी. शेवाळ आणि कवचाचे जीव बुडाला व पंख्याला धरतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या १९९९ सालच्या लहान नौकांसाठीच्या पुस्तिकेनुसार, प्रतिबंधक रंग नसेल तर घाणीमुळे खप एका महिन्यात शेकडा ७ आणि सहा महिन्यांत शेकडा ४४पर्यंत वाढू शकतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते आणि नौका वर ओढलेल्या असतात. बूड खरवडणे, रंग देणे, पंख्याच्या पात्यांच्या दुमडलेल्या कडा सरळ करणे ही कामे तेव्हा उरकतात. टाकीच्या तळाशी साठलेले पाणी आणि गाळही तेव्हाच काढावा, कारण दांडी पाण्यालाही डिझेल म्हणूनच मोजते.

ऑगस्टमध्ये नौका पुन्हा पाण्यात उतरली की, पहिल्या काही फेऱ्यांत, बूड स्वच्छ असतानाच कॅनची चाचणी तीन वेगवेगळ्या रेसवर करून ते आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. पुढे डिसेंबरात किंवा मार्चमध्ये त्याच रेसला खप वाढलेला किंवा वेग घटलेला दिसला, तर तुलना त्या पानाशी करायची असते.