शॉपिंग सेंटरचं आरसीसी बांधकाम

शॉपिंग सेंटरचं आरसीसी (आत लोखंडी सळया घातलेलं काँक्रीट) बांधकाम म्हणजे खाली पार्किंग, वर गाळे, त्याच्यावर ऑफिसं नाहीतर फूड कोर्ट, हे सगळं पेलणारा फुटिंग (जमिनीतला पाया), कॉलम, बीम आणि स्लॅबचा सांगाडा. राहत्या बिल्डिंगपेक्षा इथला हिशोब वेगळा असतो, कारण गाळ्यात आज कपड्याचं दुकान आहे, उद्या तिथे टाइल्सचे खोके छतापर्यंत रचले जाऊ शकतात. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग २ प्रमाणे घराच्या खोलीला चौरस मीटरला साधारण २०० किलो लाइव्ह लोड, म्हणजे माणसं आणि सामानाचा भार, धरतात, किरकोळ दुकानाला ४०० आणि होलसेलला कमीत कमी ६००. त्यामुळे वापर काय हे डिझाइनच्या आधीच पक्कं व्हायला हवं, हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे.

कॉलमची जागा बहुतेक वेळा पार्किंग ठरवतं. दोन कॉलमच्या मध्ये तीन गाड्या, एकीला अडीच मीटर, वर कॉलमची जाडी, म्हणजे अंतर आठ मीटरच्या आसपास जातं आणि वरचे गाळे मग त्याच मापात बसवायचे. खालचा कॉलम सोडून वर भलतीकडेच कॉलम उभा करायचा मोह टाळलेलाच बरा. इमारत ४५ मीटरपेक्षा लांब असेल तर एक्स्पान्शन जॉइंटचा, म्हणजे इमारत उन्हात प्रसरण पावायला सोडलेल्या फटीचा, विचार करावा लागतो. आपल्याकडे दख्खनवर काळी माती उकरून कडक मुरूम किंवा खडक लागला की त्यावर फुटिंग घेतात.

भूकंपाच्या दृष्टीने हा प्रकार जरा नाजूकच, कारण समोर सगळी शटर आणि भिंती फक्त मागे, म्हणजे हादरा बसला की इमारतीला पीळ बसतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादला तळमजला मोकळा ठेवलेल्या कितीतरी बिल्डिंगा खालून बसल्या. अशा हादऱ्यांसाठीच आयएस १३९२० या भूकंपाच्या मानकात कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगचा हूक १३५ अंशात आत वळवायला सांगितलाय. साइटवर सळया वाकवणारा बारबेंडर तो ९० अंशातच सोडतो, ते सोपं पडतं ना, पण हादऱ्यात कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, उडालं की अशी रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. कॉलम भरायच्या आधी हे हूक स्वतः वाकून बघितलेच पाहिजेत.

काँक्रीट हल्ली आरएमसीच्या, म्हणजे प्लांटवर तयार मिसळलेल्या काँक्रीटच्या, गाडीतून येतं. पंप अडला की कुणीतरी गाडीत पाणी मारायला सांगतं, ते अजिबात होऊ द्यायचं नाही, त्याने स्ट्रेंग्थ सरळ खाली येते. ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे १५० मिमीचे क्यूब भरून २८ दिवसांनी फोडून बघतात. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, साध्या सिमेंटला कमीत कमी ७ दिवस, ब्लेंडेडला (फ्लाय ॲश वगैरे मिसळलेल्या) १०. आठ मीटरच्या बीमखालचे टेकू २१ दिवस तरी काढायचे नसतात, पुढच्या मजल्याची कितीही घाई असली तरी.

हे सगळं करूनही नंतरचे बदल घात करतात. दक्षिण कोरियात सोलचं साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअर २९ जून १९९५ ला कोसळलं, ५०२ माणसं गेली. बीम नसलेला फ्लॅट स्लॅब, मूळ प्लॅन दुसऱ्याच वापराचा, एस्केलेटरसाठी काढलेले कॉलम, वाढवलेला पाचवा मजला, तिथे रेस्टॉरंट, आणि गच्चीवर एसीची अवजड युनिट सरकवत नेलेली. अशात कॉलम स्लॅबला भोसकून वर येतो, त्याला पंचिंग शिअर म्हणतात, आणि एका कॉलमचा भार शेजारच्यावर गेला की तोही जातो. सकाळपासून वरच्या मजल्यावर भेगा दिसत होत्या तरी दुकान चालूच ठेवलं होतं, ही गोष्ट फार चीड आणणारी आहे.

आपल्याकडे गाळ्यात पोटमाळा टाकणं, एसीच्या पाइपसाठी बीमला कोअर मारणं (आरपार भोक पाडणं), दोन गाळे जोडायला मधलं काहीतरी तोडणं हे रोजचंच. विटांची भिंत काढता येते, पण कॉलम-बीमला हात लावायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायलाच हवं, आणि त्यासाठी मूळ आरसीसी ड्रॉइंग सोसायटीकडे असायला हवीत. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट (सांगाड्याच्या मजबुतीची तपासणी) सक्तीचं आहे, आणि ड्रॉइंग नसली की आतली सळई शोधायला स्कॅनर लावून, ठिकठिकाणी प्लास्टर फोडून बघत बसावं लागतं.