युनियनची नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि मान्यतेचा वेगळा टप्पा

सात जणांच्या सह्या झाल्या की युनियन नोंदवता येते, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. अर्ज सात जण करू शकतात. नोंदणी मिळण्यासाठी मात्र अर्जाच्या दिवशी त्या आस्थापनेतले (म्हणजे त्या कारखान्यातले किंवा कामाच्या ठिकाणचे) किंवा उद्योगातले किमान 10 टक्के कामगार किंवा 100 कामगार, यांपैकी जो आकडा कमी असेल तितके सभासद असावे लागतात. शिवाय कुठल्याही परिस्थितीत सातच्या खाली जाता येत नाही. म्हणजे 340 कामगारांच्या कारखान्यात 34 सभासद हवेत. 1,400 कामगार असतील तर 140 लागत नाहीत, 100 पुरतात. 45 कामगारांच्या वर्कशॉपमध्ये दहा टक्के पाचच्याही आत येतात, पण तिथे सात लागणारच.

1926चा कामगार संघटना कायदा आता औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्ये विलीन झाला आहे आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. नोंदणीचा गाभा बदललेला नाही. अर्जाचा नमुना मात्र जुन्या झेरॉक्सवरून भरू नका. ज्या दिवशी अर्ज करणार त्या सुमारास निबंधकांच्या, म्हणजे युनियन नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या, कार्यालयातून चालू नमुना आणि फीची रक्कम विचारून घ्या. महाराष्ट्रात हे काम कामगार आयुक्तालयाकडे आहे.

घरकामगार, हमाल, फेरीवाले अशा असंघटित क्षेत्रातल्या लोकांनाही युनियन नोंदवता येते. त्यांना एकच मालक नसतो, त्यामुळे त्यांची मोजणी आस्थापनेवर न होता उद्योगावर होते आणि तिथे 100 सभासदांची यादी हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. कंत्राटी कामगारांनी युनियनची घटना, म्हणजे नियमावली, लिहिण्याआधीच ठरवावं की युनियन कंत्राटदाराच्या आस्थापनेशी जोडायची की उद्योगाशी. नंतर कंत्राटदार बदलला की आस्थापनेवर बांधलेली युनियन अडचणीत येते.

पहिली सभा आणि घटना

सगळ्यात आधी सर्वसाधारण सभा घ्या. त्या सभेत तीन ठराव हवेत: घटना स्वीकारल्याचा, पदाधिकारी निवडल्याचा आणि अर्ज करण्याचा अधिकार कोणाला दिला त्याचा. प्रत्येक ठरावाला सूचक, अनुमोदक आणि खाली हजर सभासदांच्या सह्या. इतिवृत्त सुट्या कागदावर लिहू नका, पानांवर क्रमांक असलेल्या वहीतच लिहा.

घटनेत काही कलमं असलीच पाहिजेत: युनियनचं नाव, उद्दिष्टं, निधी कशावर खर्च होईल, सभासद यादी कोण ठेवणार आणि ती कधी पाहायला मिळेल, सभासद होण्याची रीत, वर्गणी, दंड किंवा लाभाच्या अटी, वार्षिक सर्वसाधारण सभा, निवडणूक आणि पदावरून काढण्याची पद्धत, निधीची सुरक्षितता, दरवर्षी हिशेब तपासणी, घटनादुरुस्ती आणि विसर्जन. पदाधिकाऱ्यांची निवडणूक दर दोन वर्षांतून एकदा होईल, असं कलम ठेवा. दुसऱ्या युनियनची घटना उचलून नाव बदलण्याची पद्धत फार चालते, आणि मग निधीच्या कलमात भलत्याच कारखान्याचं नाव राहतं. निबंधकांच्या कार्यालयात ते पहिल्या वाचनात सापडतं.

बाहेरच्या माणसांची मर्यादाही याच टप्प्यावर तपासा. संघटित उद्योगात एकूण पदाधिकाऱ्यांपैकी एक तृतीयांश किंवा पाच, यांतला कमी आकडा इतकेच बाहेरचे चालतात. नऊ पदाधिकारी असतील तर तीन. एकवीस असतील तर सात नव्हे, पाचच. निवृत्त झालेला किंवा कपातीत गेलेला कामगार बाहेरचा धरला जात नाही. असंघटित क्षेत्रात निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष त्या कामातले असले की भागतं.

अर्जासोबत काय जोडायचं

संहितेनुसार विहित नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र, घटनेची प्रत आणि ती स्वीकारल्याचा ठराव, तसंच अर्ज करण्याचा अधिकार देणारा ठराव ही तीन कागदपत्रं मुख्य आहेत. युनियन वर्षभराहून अधिक काळ चालू असेल तर मालमत्ता आणि देणी यांचं विवरणही लागतं. त्याखेरीज पुढचा संच तयार ठेवलेला बरा:

- अर्जदारांची नावं, काम आणि कामाचं ठिकाण
- पदाधिकाऱ्यांची नावं, वय, पत्ता, पद, व्यवसाय आणि ओळखपत्र
- सभासद यादी, वर्गणीच्या पावत्यांच्या क्रमांकासह
- नोकरीचा पुरावा: ओळखपत्र किंवा पगारपत्रक
- कार्यालयाच्या पत्त्याचा पुरावा आणि जागामालकाचं संमतीपत्र
- फी भरल्याची पावती

अर्जावर नेमक्या सातच सह्या घेण्याचा मोह टाळा. अर्ज दिल्यानंतर आणि प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी काही अर्जदारांनी अंग काढून घेतलं तरी अर्ज बाद होत नाही, पण गळालेल्यांची संख्या एकूण अर्जदारांच्या निम्म्याहून जास्त झाली तर होतो. सातातले चार फुटले की संपलं. याच आठवड्यांत बदल्या आणि केबिनमधली बोलावणी सुरू होतात, त्यामुळे पंधरा-वीस सह्या असलेल्या बऱ्या. युनियनमध्ये गेल्याबद्दल कामावरून काढण्याची धमकी देणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. अशी धमकी आली तर तारीख, वेळ आणि हजर माणसं लगेच लिहून ठेवा.

अर्ज अडकतो तो कुठे

बहुतेक अर्ज तारखांवर अडकतात. सभा 10 तारखेची आणि सभासदाची वर्गणी पावती 14 तारखेची, असं असेल तर तो माणूस सभेत सभासद नव्हताच. मग त्याने केलेलं मतदान आणि कदाचित त्याची पदावरची निवड, दोन्ही प्रश्नात येतात. म्हणून आधी पावती फाडा, मग यादी करा, मग सभा घ्या. दुसरं कारण नाव. आधीच नोंदलेल्या युनियनसारखं किंवा त्याच्याशी गोंधळ होईल असं नाव असलं की निबंधक ते बदलायला सांगतात, आणि नाव बदललं की घटना, ठराव, प्रतिज्ञापत्र सगळं पुन्हा. तिसरं, एकच माणूस यादीत 'सुरेश', ओळखपत्रावर 'सुर्यकांत'. क्षुल्लक वाटतं, पण 34 लागणाऱ्या ठिकाणी 35 सभासद दाखवलेत आणि दोन नावं बाद झाली, की पात्रताच जाते.

त्रुटीचं पत्र आलं तर दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी सांगून आलो, याला कागदावर किंमत नाही. नोंदणी नाकारली तर न्यायाधिकरणाकडे अपील आहे.

प्रमाणपत्राने काय मिळतं

मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलने 1920च्या सुमारास मद्रास लेबर युनियनचे नेते बी. पी. वाडिया यांच्यावर उच्च न्यायालयात दावा लावला होता. संप करायला सांगणं म्हणजे करारभंगाला चिथावणी, असा युक्तिवाद होता. त्या धक्क्यातून 1926चा कायदा आला. नोंदलेल्या युनियनला कायदेशीर अस्तित्व मिळतं, आणि औद्योगिक वादातल्या रास्त कृतींसाठी फौजदारी कटाच्या व दिवाणी दाव्याच्या बाबतीत संरक्षण मिळतं. मारहाण किंवा तोडफोड यांना ते लागू नाही.

मालकाशी वाटाघाटीचा हक्क, म्हणजेच मान्यता, मात्र प्रमाणपत्रातून येत नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात कामगार दत्ता सामंतांच्या मागे होते, पण 1946च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने प्रातिनिधिक दर्जा, म्हणजे कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार, राष्ट्रीय मिल मजदूर संघ या दुसऱ्या युनियनकडे होता. चर्चेचं दार त्यामुळे बंदच राहिलं.

आताच्या संहितेत नियम असा: हजेरीपटावरच्या 51 टक्के किंवा अधिक कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. 340 कामगारांत हा आकडा 174 येतो. तितका कोणाकडेच नसेल तर वाटाघाटी परिषद बनते आणि तिथे 20 टक्के, म्हणजे इथे 68, पाठिंबा असलेल्या युनियनलाच जागा मिळते. दर 20 टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. अठरा टक्क्यांवरची युनियन नोंदलेली असूनही टेबलाबाहेर राहते. कायम कामगार कमी आणि कंत्राटी, मुदतबंद जास्त, अशा आजच्या कारखान्यांत हजेरीपटावर कोण धरलं जातं यावरच हा निकाल फिरतो. म्हणून पाठिंब्याच्या पडताळणीआधी तो हजेरीपट नीट पाहून घ्या.

नोंदणी टिकवायची तर तपासलेल्या हिशेबासह वार्षिक विवरणपत्र भरा आणि पदाधिकारी किंवा पत्ता बदलला की कळवा. राजकीय कामासाठी पैसा लागणार असेल तर त्याचा निधी वेगळा, आणि त्याची वर्गणी ऐच्छिक. सभासदसंख्या 10 टक्के किंवा 100, यांतल्या कमी आकड्याच्या खाली गेली तर नोंदणी रद्द होऊ शकते, तेव्हा दर तिमाहीला यादी आणि पावती पुस्तक शेजारी ठेवून मोजा. संपाची नोटीस दिल्यावर पहिले 14 दिवस संपावर जाता येत नाही, आणि निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो.