कनेक्शन स्ट्रिंग आणि स्कीमा.आयएनआय: टेक्स्ट फाइल वाचताना कोणाचे काम कोणते?

अर्धविरामाने तोडलेली सीएसव्ही फाइल एडीओमधून (प्रोग्रॅममधून डेटा वाचण्याची मायक्रोसॉफ्टची सोय) उघडायची म्हणून कनेक्शन स्ट्रिंगमध्ये, म्हणजे डेटा कुठे आणि कसा उघडायचा हे सांगणाऱ्या ओळीत, 'एफएमटी=डिलिमिटेड(;)' लिहिले. एरर आली नाही, पण रेकॉर्डसेटमध्ये (वाचून आलेल्या ओळींच्या संचात) एकच कॉलम दिसतो आणि अख्खी ओळ त्यातच कोंबलेली असते. ही अडचण फार जणांना येते. जे स्कीमा.आयएनआयला (डेटा फाइलची रचना सांगणारी छोटी टेक्स्ट फाइल) सांगायला हवे होते ते कनेक्शन स्ट्रिंगला सांगितले, एवढेच तिचे कारण. फॉरमॅट आणि हेडर हे विषय दोन्हीकडे दिसतात, म्हणून गल्लत होते.

कनेक्शन स्ट्रिंग मुख्यतः तीन गोष्टी ठरवते: प्रोव्हायडर (फाइल वाचणारा ड्रायव्हर) कोणता, फोल्डर कोणते आणि आतला मजकूर टेक्स्ट प्रकारचा आहे की नाही. 'डेटा सोर्स'मध्ये फोल्डरचा पत्ता द्यायचा, फाइलचा नाही. इथे फोल्डर म्हणजे डेटाबेस आणि त्यातली प्रत्येक फाइल म्हणजे एक टेबल. फाइलचे नाव क्वेरीत, 'फ्रॉम'नंतर चौकटी कंसात येते. फाइलचा पूर्ण पत्ता डेटा सोर्समध्ये दिला, तर पाथ वैध नसल्याची एरर मिळते.

'एक्स्टेंडेड प्रॉपर्टीज'ची किंमत, म्हणजे 'टेक्स्ट;एचडीआर=येस;एफएमटी=डिलिमिटेड', दुहेरी अवतरणात बांधावी लागते. व्हीबीएमध्ये (ऑफिसमधली प्रोग्रॅमिंग भाषा) स्ट्रिंगच्या आत ती अवतरणे दोनदा लिहायची. ती विसरली की आतले अर्धविराम मुख्य स्ट्रिंगचेच समजले जातात आणि 'इन्स्टॉलेबल आयसॅम (त्या प्रकारची फाइल वाचणारा ड्रायव्हर) सापडला नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. ड्रायव्हर गायब झाला असे समजून ऑफिस पुन्हा बसवण्याआधी अवतरणे मोजा.

'एचडीआर' (हेडर, म्हणजे पहिल्या ओळीत कॉलमांची नावे आहेत का) मात्र खरोखर कामाचे आहे. 'नो' लिहिले की पहिली ओळ डेटा धरली जाते आणि कॉलमांना एफ1, एफ2 अशी नावे मिळतात. 'एफएमटी'वर (फॉरमॅट) विसंबू नका. कोणत्या चिन्हावर तोडायचे हे इंजिन (प्रोव्हायडरमागचा, फाइल वाचणारा प्रोग्रॅम) स्कीमा.आयएनआयमध्ये पाहते, तिथे नसेल तर रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगचा साठा) टेक्स्ट इंजिनाच्या 'फॉरमॅट' नोंदीत, जिथे मुळात स्वल्पविराम असतो. रजिस्ट्री बदलूनही काम होते, पण तो बदल त्या संगणकावर तेच इंजिन वापरणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमना लागू होतो. म्हणून तो मार्ग आम्ही सुचवत नाही.

फाइलच्या पोटात काय आहे हे सांगण्याचे काम स्कीमा.आयएनआयचे. ही फाइल डेटाच्याच फोल्डरमध्ये आणि याच नावाने हवी. तिच्यात प्रत्येक डेटा फाइलसाठी चौकटी कंसात नाव लिहून वेगळा विभाग करायचा. नावात '*' सारखी 'कोणतेही नाव' अशा अर्थाची चिन्हे चालत नाहीत. रोज नव्या नावाची फाइल येत असेल, तर वाचण्याआधी प्रोग्रॅमनेच विभाग लिहावा, नाहीतर फाइल एका ठरलेल्या नावाने कॉपी करून घ्यावी. विभागात साधारण हे येते (प्रत्यक्षात सगळे शब्द रोमन लिपीत):

[ऑर्डर्स.सीएसव्ही]
फॉरमॅट=डिलिमिटेड(;)
कोलनेमहेडर=ट्रू
कॅरेक्टरसेट=65001
डेटटाइमफॉरमॅट=वायवायवायवाय-एमएम-डीडी
कोल1=कोड टेक्स्ट विड्थ 10
कोल2=तारीख डेटटाइम
कोल3=रक्कम डबल

टॅबसाठी 'टॅबडिलिमिटेड'. ठरावीक रुंदीच्या फाइलसाठी 'फिक्स्डलेंग्थ', आणि तिथे प्रत्येक कॉलमची विड्थ द्यावीच लागते. 65001 म्हणजे यूटीएफ-8. ते नसेल तर देवनागरी मजकुराचा चिवडा होतो.

सगळ्यात मोलाच्या ओळी 'कोल'च्या. त्या नसतील तर इंजिन सुरुवातीच्या काही ओळी पाहून प्रकाराचा अंदाज बांधते. रजिस्ट्रीत हा आकडा मुळात 25 असतो. त्या ओळींत कोड कॉलममध्ये नुसते आकडे असतील तर कॉलम आकड्यांचा ठरतो, '00721'चे 721 होते आणि पुढे कुठेतरी आलेला 'ए-108' निमूटपणे नल (रिकामा) होतो. एररही येत नाही, त्यामुळे हा दोष महिनोन्‌महिने लपून राहू शकतो. 'मॅक्सस्कॅनरोज=0' लिहिल्यास पूर्ण फाइल तपासली जाते, पण तोही शेवटी अंदाजच; शून्ये जायची ती जातातच. कोड, फोन नंबर, पिनकोड यांना सरळ टेक्स्ट म्हणा. तारखेचा क्रम आणि दशांश चिन्ह सांगितले नाही तर ते विंडोजच्या रीजनल सेटिंगमधून घेतले जाते. म्हणून तीच फाइल दोन संगणकांवर वेगवेगळी वाचली जाऊ शकते.

'एचडीआर' आणि 'कोलनेमहेडर' यांची किंमत सारखीच ठेवा. स्कीमा फाइल लिहिली आणि तरी काहीच बदलले नाही, तर आधी विभागाचे नाव अक्षर न्‌ अक्षर जुळते का पाहा. मग स्कीमा फाइल साध्या एएनएसआयमध्ये (यूटीएफ-8 नसलेले जुने, साधे एन्कोडिंग) सेव्ह आहे ना, ते बघा. डेटा यूटीएफ-8 असला तरी स्कीमा फाइलच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग दाखवणारी न दिसणारी खूण) आला की पहिला विभाग ओळखला जात नाही.

दोन अडचणींना मात्र यातले काहीही पुरत नाही. 'जेट ओएलईडीबी 4.0' हा जुना प्रोव्हायडर फक्त 32 बिटचा आहे. 64 बिट प्रोसेसमध्ये 'प्रोव्हायडर रजिस्टर्ड नाही' असे उत्तर मिळते, तिथे 64 बिटचा 'एस ओएलईडीबी 12.0' हा नंतरचा प्रोव्हायडर लागतो. आणि टेक्स्ट फाइलमध्ये नव्या ओळी घालता येतात, पण अपडेट आणि डिलीट चालत नाहीत.

कोड लिहून झाल्यावर रेकॉर्डसेटमधल्या प्रत्येक फील्डचा टाइप छापून पाहा. 202 म्हणजे टेक्स्ट, 3 म्हणजे पूर्णांक, 5 म्हणजे डबल, 7 म्हणजे तारीख. कोडच्या कॉलमपुढे 3 किंवा 5 दिसला, तर स्कीमा फाइल अजून वाचली जात नाही.